कॉन्व्हेंटची शाळा आणि आपले घर

गाव सोडून शहरात जाणाऱ्या कुटुंबापुढे तीन प्रश्न उभे राहतात. राहायचे कुठे, भागवायचे कसे आणि मुलांना घालायचे कोणत्या शाळेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पगाराचा आकडाच देऊन टाकतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र आईबापांनाच शोधावे लागते आणि त्यात पाहुणेरावळे, शेजारीपाजारी, कचेरीतले सहकारी अशा सर्वांची मते मिसळतात. आपल्या समाजात हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. ज्या घरातल्या पणजोबांना शाळेचा उंबरा ओलांडता आला नाही, त्या घरातल्या मुलीचा शाळेतला पहिला दिवस हा सगळ्या भावकीचा दिवस असतो.

आम्ही मूळचे रहिमतपूरचे. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. नोकरी कारकुनाची, आणि नोकरीच्या वेळेबाहेर जमेल तेवढे समाजकार्य. बदलीने पुण्यास आलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. तिच्यासाठी शाळा शोधताना आम्ही कॅथलिक मिशनच्या एका प्राथमिक शाळेपर्यंत कसे पोचलो, घरात काय वाद झाला, कायदा काय सांगतो आणि अखेर काय ठरले, ते समाजबांधवांपुढे मांडावे असे वाटले. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. आज ना उद्या तो आपल्यापैकी अनेकांच्या घरात येणार आहे.

रहिमतपूरवरून गेलेली गाडी

शाळेचा विषय निघाला की आम्हास आमचे रेल्वे स्टेशन आठवते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ते नाव आहे. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, सुट्टीत ही लहान मुले आपल्या वडिलांकडे गोरेगावला निघाली. रामजी सुभेदार तिथे खजिनदार होते. साताऱ्याहून मसूरपर्यंतचा प्रवास रेल्वेचा. म्हणजे ती गाडी आमच्या रहिमतपूरवरूनच पुढे गेली. मसूरला उतरल्यावर जात कळली आणि मुलांना बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी आपणच हाकायची या अटीवर ती निघाली. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. वर्गात वेगळे बसायला गोणपाट आणि शिपाई नसला की पाणी नाही, हेही त्यांनीच लिहिले आहे.

१९०४ च्या सुमारास रामजी सुभेदार कुटुंब घेऊन मुंबईला गेले. परळच्या चाळीतली एक खोली, तुटपुंजे उत्पन्न, आणि तरीही मुलासाठी शाळा कोणती? एल्फिन्स्टन हायस्कूल, म्हणजे त्या वेळच्या नावाजलेल्या सरकारी शाळांपैकी एक. लहान गावातून मोठ्या शहरात जाऊन मुलासाठी चांगल्यातली चांगली शाळा निवडणारे आपल्यातले हे थोर वडील. १९०७ साली बाबासाहेब तिथूनच मॅट्रिक झाले. पण त्या शाळेतही त्यांना संस्कृत शिकू दिले नाही आणि फारसी घ्यावी लागली. शाळा सरकारी होती, मोठी होती, तरी तिथे जात होतीच. उलट महात्मा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि ती शाळा ख्रिस्ती मिशनऱ्यांची असूनही जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. माणसाच्या हक्काचा विचार मात्र त्यांना तिथे भेटला.

या दोन उदाहरणांतून आम्ही एवढेच घेतले की शाळेच्या फाटकावरची पाटी वाचून निर्णय करू नये. पाटी सरकारी असो की मिशनची, आत आपले मूल कुठे बसते, त्याला पाणी कुठले मिळते आणि त्याला कोण काय शिकवते, हे पाहावे.

कॉन्व्हेंट म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे इंग्रजी शाळा दिसली की तिला सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतात. खरे तर कॉन्व्हेंट म्हणजे कॅथलिक जोगिणींचा, म्हणजे सिस्टरांचा मठ. त्या मठाने चालवलेल्या शाळेला लोक कॉन्व्हेंटची शाळा म्हणू लागले. पुढे हा शब्द इतका मानाचा झाला की कुणीही भाड्याच्या इमारतीत दोन खोल्या घ्याव्यात आणि वर 'कॉन्व्हेंट' अशी पाटी लावावी. अशा किती तरी शाळांचा मठाशी, चर्चशी किंवा सिस्टरांशी काडीचाही संबंध नसतो. नुसत्या नावावर जाऊन फी भरणाऱ्या गरीब पालकांची इथेच फसगत होते.

दुसरी गोष्ट, नावात 'सेंट' असले म्हणजे शाळा कॅथलिकच असेल असेही नाही. पुण्याच्या लष्कर भागातली सेंट व्हिन्सेंट ही १८६७ सालची शाळा कॅथलिक पंथाच्या जेझुइट फादरांची. पण त्याच भागातल्या बिशप्स आणि सेंट मेरीज या जुन्या शाळा कॅथलिक नाहीत, त्या इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतून आलेल्या. या शाळा पेठांत न निघता कॅम्पात का निघाल्या, तेही समजून घेतले पाहिजे. तिथे इंग्रज लष्कराची छावणी होती. गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या मुलांची सोय पाहणे हे या शाळांचे पहिले काम होते. आपल्यासारख्यांसाठी त्या निघालेल्या नव्हत्या.

पण कॅथलिक शाळा म्हणजे फक्त कॅम्पातली इंग्रजी शाळा, असेही नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जेझुइट फादरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खेड्यापाड्यांत मराठी शाळा काढल्या. त्या शाळांत बसलेली मुले बहुतेक महारवाड्यातली होती. वसईकडेही चर्चच्या आधाराने मराठी शाळा चालल्या. म्हणजे एकाच धर्मसंस्थेच्या दोन प्रकारच्या शाळा. एक फी घेणारी शहरातली, दुसरी खेड्यातल्या गरिबाची. आपल्या वाट्याला शहरात येते ती पहिली, हे विसरून चालणार नाही.

तीन शाळा पाहिल्या

पुण्यात आम्ही तीन शाळा पाहिल्या. पहिली महानगरपालिकेची. फी नाही, पुस्तके मोफत, दुपारचा आहार, आणि घरापासून चालत दहा मिनिटे. शिक्षिका मनापासून शिकवणाऱ्या होत्या, पण एका बाईंकडे दोन वर्ग होते. दुसरी 'कॉन्व्हेंट' नावाची खाजगी शाळा. तिथे टाय, बूट, वह्या सर्व शाळेतूनच घ्यायचे. मैदान नव्हते आणि बाई दर सहा महिन्यांनी बदलतात, असे फाटकापाशी उभ्या असलेल्या पालकांनीच सांगितले. तिसरी सिस्टरांची, कॅथलिक. इमारत जुनी, वर्ग भरलेले, पण मैदान मोठे. काही बाई तिथे पंधरा-वीस वर्षे शिकवत होत्या. शाळा सुटताना फाटकाशी रिक्षावाले होते, नर्सबाई होत्या, लष्करातले शिपाई होते, बंगल्यातून आलेल्या मोटारीही होत्या. आमच्या सौ.ना हीच गोष्ट आवडली. "इथे सगळ्या थरांतली पोरं एका बाकावर बसतात," असे त्या म्हणाल्या.

प्रवेशाची पद्धत आधी समजून घ्यावी लागते. अशा शाळांत खरा प्रवेश असतो तो ज्युनिअर केजीला. पहिलीत जागा मिळते ती कोणी शाळा सोडून गेले तरच. अर्ज जूनमध्ये मिळत नाहीत, आधीच्या वर्षाच्या शेवटी किंवा जानेवारीत निघतात. त्यामुळे बदलीचा हुकूम हातात पडल्यावर शोधायला लागणाऱ्या माणसाची गाडी बहुधा चुकलेली असते. आमची बदली होणार हे सहा महिने आधी कळले, म्हणून आम्ही वेळेत पोचलो. पहिला मान कॅथलिक मुलांना, मग शाळेत आधीपासून असलेल्या मुलांच्या भावंडांना, आणि मग उरलेल्या जागा आपल्यासारख्यांना.

आम्हा दोघांना बोलावणे आले. समोर बसलेल्या सिस्टरांनी इंग्रजीत विचारले, घरी मुलीचा अभ्यास कोण घेणार? आम्ही बी.कॉम. झालो ते मराठी माध्यमातून शिकून. इंग्रजी कागद वाचता येतो, बोलताना जीभ अडते. आम्ही उत्तर जुळवीत होतो तेवढ्यात सौ. मराठीत म्हणाल्या, "मी घेणार. मी बारावीपर्यंत शिकले आहे. जे मला येत नसेल ते मी आधी शिकेन, मग तिला शिकवीन." सिस्टर हसल्या आणि पुढचे मराठीत बोलल्या. प्रवेश त्या उत्तराने मिळाला की जागा होती म्हणून, ते सांगता येणार नाही. पण त्या दिवशी आमच्या घरात एक गोष्ट पक्की झाली. शाळा मुलीची असली तरी अभ्यास आईचाही आहे.

अर्जातला एक रकाना

अर्जात धर्माचा रकाना होता. ख्रिश्चन, हिंदू, मुस्लिम आणि इतर. आम्ही 'इतर'पुढे ठळक अक्षरांत 'बौद्ध' लिहिले. जातीच्या रकान्यात जातीच्या दाखल्यावर आहे तीच नोंद केली. हा रकाना किरकोळ समजू नये, असे आम्ही कारकून म्हणून सांगतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात पहिल्या दिवशी जे लिहिले जाते, तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते. जात पडताळणी समिती प्राथमिक शाळेतली नोंदच प्रथम मागते. नंतर दुरुस्ती करायची म्हटली तर किती कागद आणि किती खेपा लागतात, ते आम्ही समाजातल्या अनेक तरुणांबरोबर हिंडून पाहिले आहे. प्रवेशाच्या वेळी आपल्या डोळ्यांदेखत नोंद वाचून घ्यावी.

या रकान्यावरून आणखी एक ओळख झाली. शाळेच्या फाटकाशी एक कॅथलिक पालक भेटत असत. मराठी बोलणारे, मूळचे नगर जिल्ह्यातले. त्यांचे आडनाव ऐकून आम्ही चमकलो, कारण तेच आडनाव आमच्या पाहुण्यांत आहे. त्यांचे आजोबा फादरांच्या शाळेत शिकले आणि पुढची पिढी रेल्वेत लागली. ते म्हणाले, "तुमचे आजोबा आणि आमचे आजोबा एकाच वेशीबाहेरचे. तुम्ही बुद्धाकडे गेलात, आम्ही येशूकडे. पण सवलतीच्या कागदावर आपण वेगळे."

त्यांचे म्हणणे खरे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत, महाराष्ट्रात त्यांची गणना ओबीसीत होते. चर्चमध्ये जात गेली असेही नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच २०१६ साली दलितांविषयी धोरण जाहीर करताना, चर्चच्या आत भेदभाव असल्याचे कबूल केले. त्यामुळे कॅथलिक शाळा म्हणजे जातीपासून मुक्त जागा, असे कुणी समजू नये, आणि तिथे आपल्याला परके वाटावे असेही नाही. त्या बाकांवर आपलेच दूरचे सोयरे बसलेले असतात.

आईचा प्रश्न

खरा वाद झाला तो घरात. प्रवेशाचे कळवायला आम्ही रहिमतपूरला गेलो तेव्हा आईने सरळ विचारले, "देव सोडलं आपण. तुझ्या आज्यानं दीक्षा घेतली, घरातलं टाक नदीत सोडलं. आन् आता पोरीला दुसऱ्याच्या देवापुढं हात जोडाय लावताय व्हय?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या बाईचा तो प्रश्न आहे. त्याला "शाळा चांगली आहे" एवढे उत्तर पुरत नाही. आम्ही आईला सांगितले की याचे उत्तर बाबासाहेबांनी संविधानातच ठेवले आहे. कलम २८ च्या तिसऱ्या खंडात म्हटले आहे की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. म्हणजे फाटकाच्या आत गेल्यावरही मुलीच्या मनाची किल्ली आपल्याच हातात राहते. फक्त ती आपण वापरली पाहिजे.

आम्ही ती वापरली. प्रवेशाच्या कागदांबरोबर चार ओळींचे मराठी पत्र दिले. आम्ही बौद्ध आहोत, मुलीला ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला बसवू नये, प्रार्थनेच्या वेळी ती शांतपणे उभी राहील. शाळेने ते निमूटपणे घेतले. अशा शाळांत बहुधा कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीच्यांना नीतिशिक्षणाचा तास असतो. २०२४ साली बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना सूचनाच दिल्या की ख्रिस्ती प्रथा इतर धर्मांच्या मुलांवर लादू नयेत, संविधानाची उद्देशिका प्रवेशद्वाराशी लावावी आणि परिपाठात म्हणून घ्यावी. सूचना चांगली आहे. ती पाळली जाते का, हे विचारणे आपले काम.

तरीही लहान मूल ते लहान मूल. आई पुण्याला आली असताना एके रात्री मुलीने जेवण्यापूर्वी कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना बोटे लावली. आम्ही दोघे आईच्या तोंडाकडे पाहू लागलो. आई म्हणाली, "ह्ये काय गं?" मुलगी म्हणाली, "आज्जी, डबा खायच्या आधी सगळ्या करतात." आई थोडा वेळ गप्प बसली. मग तिने नातीला जवळ घेतले, हात जोडायला लावले आणि त्रिशरण, पंचशील म्हणून घेतले. "त्यांच्यात तसं करत्यात, आपल्यात असं. कुणाला हसायचं न्हाई आन् आपलं इसरायचं न्हाई," एवढेच ती बोलली. रागावली नाही, मारले नाही. आमच्या मते या प्रश्नावर यापेक्षा शहाणे उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ज्या घरात रोज वंदना होते, त्या घराला शाळेतल्या क्रुसाची भीती वाटण्याचे कारण नाही. आणि ज्या घरात वर्षातून एकदा, १४ एप्रिललाच बुद्धाची आठवण होते, त्या घरातले मूल कोणत्याही शाळेत गेले तरी रितेच राहणार.

कायद्यात आपल्याला काय मिळते?

एका सहकाऱ्याने आम्हास टोचून विचारले, "सभेत सरकारी शाळा वाचवा म्हणता आणि स्वतःची मुलगी कॉन्व्हेंटमध्ये?" आमचे उत्तर असे की ही मागणी आम्ही आजही करतो आणि करीत राहू, कारण आपल्या बहुसंख्य मुलांना तीच शाळा आहे. पण मुलीचे वर्ष मागणी मान्य होईपर्यंत थांबत नाही. ज्याला दोन घास मिळतात त्याने उपाशी माणसासाठी बोलायचे थांबवू नये, इतकेच. आजही ज्या भागात महानगरपालिकेची शाळा चांगली चालते तिथे आम्ही पालकांना तीच शाळा सुचवतो.

कायदा मात्र प्रत्येकाने जाणून घ्यावा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी असतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलै २०२४ मध्ये रद्द केला. हा हक्क पालकांनी न्यायालयात जाऊन वाचवला आहे, तो वाया घालवू नये.

पण कॅथलिक शाळेत या २५ टक्क्यांचा उपयोग नाही. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रमती खटल्यात ठरवले की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. तसेच कलम १५ च्या पाचव्या खंडाखाली प्रवेशात जे आरक्षण ठेवता येते, त्यातूनही अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत. थोडक्यात, तिथे आपण हक्काने जात नाही, जागा उरली तर जातो आणि पूर्ण फी भरतो.

म्हणून हिशेब आधी करावा. आमच्या मुलीची वर्षाची फी आणि बसभाडे मिळून आमचा दीड महिन्याचा पगार जातो. शिवाय गणवेश, वह्या, सहल. हा खर्च एका वर्षाचा नाही, दहावीपर्यंतचा आहे. आम्ही कागदावर दहा वर्षांचा हिशेब मांडला, गावाकडे आईला पाठवायचे पैसे आधी बाजूला काढले, आणि उरलेल्यात बसते असे दिसल्यावरच होकार दिला. कर्ज काढून किंवा मुलीच्या आईचे डोरले मोडून केजीची फी भरू नये. चौथीत फी थकली म्हणून शाळा बदलावी लागली तर मुलाच्या मनाला जो धक्का बसतो, तो पहिल्यापासून साध्या शाळेत घातल्याने बसत नाही.

शाळा पाहायला जाताना

आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी अर्धा तास उभे राहून पालकांशी बोलावे. पाण्याचे नळ आणि मुलींचे संडास स्वतः पाहावेत. एका वर्गात मुले किती, बाई किती वर्षे टिकतात, प्राथमिक विभाग अनुदानित आहे की विनाअनुदानित, मराठी कोणत्या इयत्तेपासून शिकवतात, हे विचारावे. धर्मशिक्षणाविषयीचे पत्र लिहून द्यावे आणि त्याची प्रत शाळेचा शिक्का घेऊन ठेवावी. मुलाला जातीवरून किंवा इंग्रजी येत नाही म्हणून कुणी हिणवले तर गप्प न बसता लेखी कळवावे. शाळा सिस्टरांची म्हणून संकोच नको, आणि सरकारी म्हणून बेफिकिरीही नको.

मराठीचे भान घरानेच ठेवायचे आहे. आमची मुलगी आज इंग्रजी कविता घडाघडा म्हणते, पण आज्जीला पत्र लिहायला बसली की काना-मात्रा अडतात. म्हणून रोज एक पान मराठी वाचन आणि दर रविवारी विहारात जाणे, हे आम्ही ठरवून टाकले आहे. आज्जीशी बोलायची भाषा गेली तर आज्जीने जे सांगितले तेही जाते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या कलम ३० च्या बळावर कॅथलिक समाजाने शाळांचे जाळे उभे केले, ते कलम आपल्यालाही लागू आहे. १९९३ पासून बौद्ध हे केंद्र सरकारने जाहीर केलेल्या अल्पसंख्याकांत आहेत. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. महाविद्यालये आपल्याला त्यांनी दिली. बालवाडी आणि प्राथमिक शाळा उभ्या करणे हे काम पुढच्या पिढ्यांसाठी राहिले. शाळेची इमारत एका दिवसात होत नाही. पण विहाराची एक खोली बहुतेक वस्त्यांत आहे आणि ती आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असते.

आमच्या वस्तीत ते कुलूप आता रोज संध्याकाळी सहाला उघडते. सौ. आणि आणखी पाच आया तिथे आपापल्या मुलांचे इंग्रजी वाचनाचे पुस्तक घेऊन बसतात. आधी त्या वाचतात, मग मुलांना वाचायला लावतात. कुणाची मुले महानगरपालिकेच्या शाळेतली, कुणाची खाजगीतली, आमची सिस्टरांच्या शाळेतली. सतरंजी एकच आहे. ज्यांच्या वस्तीत विहार आहे त्यांनी किल्ली कुणाकडे आहे, याची चौकशी आजच करावी.

जयभीम.